मंगळवारची लाल पट्टी

१

फाईल अगदी व्यवस्थित होती, आणि रेकॉर्डबाईंचं डोकं फिरलं ते त्यामुळेच.

वॉर्डातल्या अकरा नंबरच्या बाई मंगळवारी दुपारी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने गेल्या. चौपन्न वर्षांच्या, शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या. पाय सुजला, ताप चढला म्हणून भरती झाल्या होत्या आणि आठवड्याभरात घरी जातील असं सगळेच म्हणत होते. शुक्रवारी सकाळी रेकॉर्डबाईंनी कॉम्प्युटरवर त्यांची फाईल उघडली, तर सगळ्यात वर, नजर चुकवणं शक्यच नाही अशी लाल पट्टी: पेनिसिलिन देऊ नये, घसा बंद होतो.

एवढं ठसठशीत लिहिलेलं असताना कोणी इंजेक्शन देतंच कसं? सगळा वॉर्ड काय डोळे मिटून काम करत होता?

रेकॉर्डबाई या इस्पितळात सव्वीस वर्षं फाईली सांभाळत होत्या. सुरुवातीला दोरीने बांधलेले गठ्ठे होते, मग कॉम्प्युटर आला. गठ्ठे गेले, बाईंची जीभ तेवढीच तिखट राहिली. त्यांच्या खोलीत यायचं म्हटलं की मोठमोठे सर्जनसुद्धा दारात घसा खाकरत उभे राहायचे. खोलीबाहेरच्या बाकावर मात्र तीन दिवस एक माणूस बसून होता, आणि त्याला कशाचीच भीती राहिलेली नव्हती. तो अकरा नंबरच्या बाईंचा मुलगा, बस चालवायचा. आईच्या फाईलची प्रत हवी, एवढं एकच वाक्य तो सकाळ-संध्याकाळ बोलायचा.

साडेनऊला डीन मॅडमचा फोन आला.

"चार वाजता बैठक आहे. मंगळवारी त्या फाईलमध्ये कोणी काय बदललं, तेवढी यादी छापून आणा. एकच पान. आणि त्या मुलाला बैठक होईपर्यंत काही देऊ नका."

बाईंनी यादी काढली. दोनच ओळी कामाच्या होत्या. सकाळी नऊ बेचाळीसला 'शिकवणी' नावाच्या लॉगिनने लाल पट्टी काढून टाकली. दुपारी एक पंचवीसला त्याच लॉगिनने ती परत लावली. इंजेक्शन दिलं एक वाजता.

म्हणजे इंजेक्शन दिलं तेव्हा पट्टी नव्हतीच. नंतर कोणीतरी गुपचूप येऊन चिकटवली होती. बाईंच्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला चहा त्यांनी तसाच बेसिनमध्ये ओतला.

"कोण वापरतं हे लॉगिन?" त्यांनी डीनना फोन लावून विचारलं.

"मोठ्या सरांच्या वर्गासाठी आहे ते. त्या दिवशी वर्गातला मोठा पडदा कॉम्प्युटरला जोडायला म्हणून सरांनी पासवर्ड एका विद्यार्थिनीला दिला होता. तिनेच नोंद काढली, मग तिनेच ती 'शोधून काढली', दहापैकी दहा मार्क मिळवले. बाईंना त्रास सुरू झाल्यावर घाबरून परत लावली. आज तिचं नाव कमी करायचं आणि पोलिसांना कळवायचं. सगळं जुळतंय."

"फारच जुळतंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२

तिला वर्गात सगळे चष्मिस म्हणायचे. तिसऱ्या वर्षाची पोरगी, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा. बाईंनी बोलावल्यावर आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने दोन्ही हातांनी उचलला. दोन्ही मनगटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"हे काय झालंय?"

"दुखावलंय जरा."

"बरं. मंगळवारचं सांग. पहिल्यापासून, आणि रडायचं नाही. रडलीस तर मला ऐकू येत नाही."

चष्मिस रडली नाही. मंगळवारी मोठ्या सरांचा वर्ग असायचा. पाच विद्यार्थी, एक पेशंट. आधी कॉम्प्युटरवरची फाईल वाचायची, मग पेशंटशी बोलायचं, मग आपली नोंद लिहायची. विद्यार्थ्यांच्या नोंदी फाईलच्या निळ्या कप्प्यात जायच्या. सरांनी सही केली तरच त्यातलं काही खऱ्या फाईलमध्ये यायचं.

"बाकीच्यांनी फाईलमधलंच उतरवलं," ती म्हणाली. "मी बाईंजवळ बसले. त्यांनीच सांगितलं, पेनिसिलिन घेतलं की घसा बंद होतो, लहानपणी मरता मरता वाचले. फाईलमध्ये तर लिहिलं होतं, ॲलर्जी कसलीही नाही. मी दहा वीसला निळ्या कप्प्यात लिहिलं. आणि अकराला सरांना तोंडानेही सांगितलं."

"मग सर काय म्हणाले?"

"शाब्बास म्हणाले. मला दहा मार्क दिले, बाकी चौघांना चार-चार. मी म्हटलं, सर, हे खऱ्या फाईलमध्ये घालायला हवं ना? तर म्हणाले, ते मी बघतो, तू पळ."

"तू स्वतः का नाही घातलंस?"

"आम्हाला खऱ्या फाईलला हात लावता येत नाही, मॅडम. आमच्या लॉगिनने तो कप्पा उघडतच नाही."

"आणि 'शिकवणी'चा पासवर्ड?"

"तो मला कोणी दिलाच नाही. पडदा लावायला पासवर्ड कशाला लागतो? नुसती वायर तर लावायची असते!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. मग लगेच खाली आला. "सर म्हणतात, त्यांना मी काही सांगितलंच नाही. नुसतं लिहिलं, आणि त्यांनी वाचून मार्क दिले. मॅडम, आज सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, कबूल करून टाक. कबूल केलंस तर एका वर्षावर निभावतो, नाहीतर पोलिसांत जाईल आणि आयुष्याचं वाटोळं होईल."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं," चष्मिस म्हणाली. "मॅडम, मी करू का कबूल?"

३

"अजिबात नाही," असं बाईंनी तिला बजावलं, तिला आपल्याच खोलीत बसवलं आणि तरातरा वॉर्ड गाठला. वाटेत दोन जणांनी नमस्कार केला, बाईंना एकही दिसला नाही.

सिस्टर औषधांच्या कपाटाशी उभी होती. दोघींची वीस वर्षांची ओळख.

"तू दिलंस इंजेक्शन?"

"मीच दिलं." सिस्टरने कपाट बंद केलं. "आता तूही ओरड. सगळे ओरडून झाले. पट्टी नव्हती गं! देवाशपथ नव्हती. आज उघडून बघते तर ढळढळीत समोर. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय."

"पेशंटला विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हटलं, कुठल्या औषधाचा त्रास नाही ना होत? ताप होता, ग्लानीत होत्या. म्हणाल्या, सकाळीच सांगितलंय सगळं त्या चष्म्यावाल्या डॉक्टरणीला. मला वाटलं, सांगितलंय म्हणजे लिहिलं असणार. पुन्हा फाईल बघितली, तर ॲलर्जी कसलीही नाही." सिस्टरचा आवाज फाटला. "बेचाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. पण मी अजून एकदा विचारायला हवं होतं. ते मला कोणी सांगायची गरज नाही."

सांत्वन करणं बाईंना कधी जमलंच नाही. मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या मनगटांना काय झालंय?"

"तुला नाही सांगितलं तिने? एक वाजून पाच मिनिटांनी बाईंचा श्वास अडकला. सव्वाला छाती दाबायला सुरुवात केली. रेसिडेंट डॉक्टर नळी घालत होता, मी औषधं भरत होते, माझी जोडीदारीण फोनवर. ही पोरगी जेवण सोडून धावत आली आणि छाती दाबायला लागली ती थांबेचना. बाजूला हो म्हटलं तरी होईना. एक चाळीसला आम्ही हात धरून तिला उठवलं."

"लिहिलंय हे कुठे?"

"कॉम्प्युटरमध्ये तीनच ओळी भरायला सांगितल्या. पण त्या वेळी कोण काय करतंय ते मी लिहीत होते, हाताला लागेल त्यावर." सिस्टरने खण उघडून हातमोज्यांच्या खोक्याचं फाडलेलं झाकण काढलं. मागच्या बाजूला पेनाने वेळा टिपलेल्या होत्या. एक दहा: मोठ्या सरांना फोन. एक पंधरापासून एक चाळीसपर्यंत दर दोन मिनिटांनी एकच शब्द: चष्मिस, चष्मिस, चष्मिस. आणि मध्ये एक बत्तीस: मोठे सर आले.

बाईंनी ते झाकण पिशवीत टाकलं.

रेसिडेंट जिन्यात उभ्याउभ्या बिस्कीट खात होता. औषध त्यानेच लिहून दिलं होतं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"पट्टी नव्हती," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका."

"निळ्या कप्प्यात त्या मुलीची नोंद होती. दहा वीसची. तुम्ही औषध लिहिलंत साडेबाराला. वाचली नाहीत?"

तो हसला. फार वाईट हसला. "मॅडम, विद्यार्थ्यांच्या नोंदी कोण वाचतं? मी विद्यार्थी होतो तेव्हा माझ्याही कोणी वाचल्या नाहीत. तो कप्पा मी वर्षभरात उघडलेला नाही."

"म्हणजे पोरांनी लिहायचं, आणि लिहिलेलं मरेपर्यंत पडून राहायचं?"

"चिडू नका ना. फाईलींचंच काही खरं नाही. मंगळवारी तर वेड लागतं त्यांना. मागच्या महिन्यात एकाचा मधुमेहच गायब. नातेवाईक सांगतात आहे, फाईल म्हणते नाही. जेवायच्या वेळी बघतो तर परत आलेला! त्याआधी एकीचं ऑपरेशन असंच गेलं आणि आलं. आम्ही म्हटलं, सिस्टिम खराब असेल."

"तक्रार केलीत?"

"कोणाकडे? फॉर्म भरायला वेळ कुठाय?"

पण बाई त्याचं ऐकतच नव्हत्या. "मंगळवारी," त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी?"

४

मोठ्या सरांच्या खोलीत छान गारवा होता. सर उठून उभे राहिले, बाईंना खुर्ची दिली. वागायला तसे लाघवी. विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकायचे आणि खोटं कशाला बोला, शिकवायचेही सुरेख. टेबलावर सन्मानचिन्ह होतं, काचेचं: 'रुग्णांच्या संगणकीय नोंदींतून वैद्यकीय शिक्षण' या भाषणाबद्दल, मागच्या महिन्याची आठ तारीख.

"फार वाईट झालं," सर म्हणाले. "मुलगी हुशार आहे. पण मार्कांचा हव्यास."

"तिने नोंद काढली आणि तिनेच शोधली, असं तुमचं म्हणणं?"

"दुसरं काय म्हणणार? हे बघा, माझी पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. आजकालची मुलं पेशंटकडे बघतच नाहीत. पडद्याकडे बघतात, समोर असेल ते उतरवतात. कालची चूक आज, आजची उद्या. मी त्यांना एकच शिकवतो: फाईलवर विश्वास ठेवू नका, माणसाला विचारा. फाईलमध्ये नाही ते जो पेशंटकडून शोधेल त्याला पूर्ण मार्क. ही गोष्ट तिने हेरली आणि गैरफायदा घेतला."

त्यातलं पहिलं सगळं खरं होतं आणि बाईंना ते पटलंही. म्हणूनच त्यांना जास्त राग आला.

"तिने तुम्हाला तोंडी सांगितलं होतं म्हणते."

"नाही. तिची नोंद मी वाचली, मार्क दिले, एवढंच."

"मार्क किती वाजता दिलेत?"

"अकराच्या सुमारास. मग पाहुणे आले होते, आपली पद्धत बघायला. त्यांना घेऊन फिरत होतो. जेवणही त्यांच्याबरोबरच."

"आणि वॉर्डातून फोन आला तेव्हा?"

"इथेच होतो. धावतच गेलो." सरांनी घड्याळाकडे बघितलं. "तुम्ही यादीचं एक पान आणणार होतात ना? तेवढं पुरे आहे, बाई. उगाच शिळ्या कढीला ऊत कशाला?"

खोलीतून वॉर्ड दोन मिनिटांवर होता. बाईंनी जाताना मुद्दाम चालत मोजलं. धावायची तर गरजच नव्हती.

५

डीननी एका दिवसाची यादी मागितली होती. त्याहून जास्त काढायची नाही असा कुठला नियम नव्हता आणि असता तरी बाईंनी तो धाब्यावर बसवला असता. त्यांनी शोधात 'शिकवणी' हे लॉगिन टाकलं आणि त्याची पंधरा मंगळवारांची यादी मागितली.

प्रिंटर कुरकुरत राहिला. चष्मिस कोपऱ्यातून बघत होती.

"वाच," बाईंनी तिच्यापुढे कागद टाकले.

"नऊ चाळीसला मधुमेह काढला, साडेअकराला परत. नऊ पस्तीसला जुनं ऑपरेशन काढलं, साडेअकराला परत. नऊ पंचेचाळीसला रक्त पातळ करायची गोळी..." तिने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, हे आमचे प्रश्न आहेत. प्रत्येक वेळी पेशंटमध्ये एक गोष्ट सापडायची, फाईलमध्ये नसलेली. आम्हाला वाटायचं, फाईल भरणारे निष्काळजी असतात."

"फाईल भरणारी मी आहे," बाई म्हणाल्या. "तू या वॉर्डात कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि यादी पंधरा आठवड्यांची."

पंधरातल्या चौदा मंगळवारी कोणीतरी जिवंत माणसाच्या फाईलमधून एक गोष्ट उचलली होती आणि वर्ग संपला की परत ठेवली होती. एकाच मंगळवारी काही नाही, मागच्या महिन्याच्या आठ तारखेला. बाईंनी त्या दिवसाच्या वॉर्डातल्या नोंदी काढल्या. सिस्टर हजर. रेसिडेंट हजर, त्याने वीस पेशंटना औषधं लिहिलेली. त्या दिवशी वॉर्डात एकच माणूस नव्हता, आणि तो कुठे काचेचं सन्मानचिन्ह घेत होता ते बाईंनी तासाभरापूर्वीच वाचलं होतं.

पण एक गोष्ट बाईंना कळेना. शिकवण्यासाठी वेगळी प्रत असायची. नाव-गाव काढून बाईंचाच विभाग ती बनवून द्यायचा, दोन दिवस लागायचे. तिच्यात हवी ती काटछाट करा, कोणाला धोका नाही. मग वर्गाच्या लॉगिनला खऱ्या फाईलमध्ये हात घालायची मुभा कोणी दिली? बिनकागदाची अशी मुभा मिळत नाही.

त्या उठल्या आणि परवानग्यांचं कपाट उघडलं. तिसऱ्या खणात तो कागद सापडला, चार महिन्यांपूर्वीचा. अर्ज मोठ्या सरांचा: प्रत बनायला दोन दिवस लागतात, शिकवणीचा खोळंबा होतो, तरी थेट फाईलमध्ये बदल करण्याचा अधिकार मिळावा. खाली सरांची सही. तिच्याखाली डीन मॅडमची.

तिसरी सही रेकॉर्डबाईंची स्वतःची होती.

चष्मिसने दोनदा हाक मारली. बाईंना ऐकू आली नाही. तो दिवस त्यांना आठवत होता: चाळीस कागदांची चळत, उठायची घाई, एकामागून एक शिक्का आणि सही. सकाळपासून त्या सगळ्या इस्पितळावर दात-ओठ खात फिरत होत्या, आणि यमदूताला दार त्यांनीच उघडून दिलं होतं.

चाराला दहा मिनिटं कमी होती. कागद अजून त्यांच्या हातात होता आणि कपाटही उघडं होतं. तो परत आत टाकला असता तर कोणालाच कळलं नसतं. पोरीला सोडवायला यादी आणि झाकण पुरेसं होतं.

"मॅडम, चला ना," चष्मिस म्हणाली. "उशीर होईल."

६

लांब टेबल. डीन मॅडम मधोमध, शेजारी मोठे सर, पलीकडे दोन वयस्कर प्राध्यापक मूग गिळून बसलेले. चष्मिसला बसायला कोणी खुर्चीही दिली नव्हती. बाईंनी स्वतःची तिच्याकडे ढकलली आणि उभ्या राहिल्या.

"यादी द्या," डीन म्हणाल्या.

"देते. आधी सरांना एक विचारायचंय. सर, हिला दहा मार्क कशाचे दिलेत?"

"फाईलमध्ये नसलेली ॲलर्जी शोधल्याबद्दल. सांगितलंय मी."

"अकरा वाजता?"

"हो, अकरा."

"म्हणजे अकरा वाजता तुम्हाला ठाऊक होतं की या बाईंना पेनिसिलिन चालत नाही, आणि हेही ठाऊक होतं की फाईलमध्ये तसं लिहिलेलं नाही." बाई टेबलावर दोन्ही हात टेकून वाकल्या. "इंजेक्शन एक वाजता दिलं. दोन तास! नोंद कोणीही काढलेली असो, मी काढली असं समजा. दोन तास तुम्ही काय करत होतात?"

वयस्कर प्राध्यापकांपैकी एकाने पहिल्यांदाच मान वर केली.

"पाहुणे होते..." सर म्हणाले.

"पाहुणे!"

"बाई, आवाज खाली," डीन म्हणाल्या. "मुद्दा नोंद काढण्याचा आहे, आणि ती या मुलीने..."

"ही मुलगी एक पंचवीसला त्यांची छाती दाबत होती." बाईंनी खोक्याचं झाकण टेबलावर आपटलं. "वाचा. एक पंधरा ते एक चाळीस. मनगटं सुजलीत तिची, ती तुमच्यातल्या कोणालाच दिसली नाहीत. एक पंचवीसला पट्टी परत लावली गेली. तेव्हा सिस्टर तिथे, रेसिडेंट तिथे, ही तिथे. सरांना फोन गेला एक दहाला. सर आले एक बत्तीसला. त्यांच्या खोलीतून वॉर्ड दोन मिनिटांवर आहे, मी चालून बघितलंय. मधल्या वेळात हा माणूस पेशंटकडे आला नाही. आधी फाईलकडे गेला."

मग बाईंनी पंधरा मंगळवारांची यादी उलगडली. त्यातले बारा मंगळवार ही मुलगी वॉर्डात आलेलीच नव्हती. आणि आठ तारखेला, जेव्हा सर नव्हते, तेव्हा फाईलींना वेड लागलं नाही. "दर वेळी साडेअकराला परत ठेवायचात ना, सर? या वेळी पाहुण्यांच्या गडबडीत विसरलात. आणि विसरलात ते लपवायला हिच्या माथी खापर फोडलंत. सकाळी बोलावून कबूल कर म्हणालात. तिनेच तेवढं त्या बाईंना माणसासारखं विचारलं होतं. तुमचं शिकवणं खरंच ऐकलेली एकच पोरगी, आणि तिचाच बळी द्यायला निघालात!"

"माझा हेतू शिकवण्याचा होता," सर अगदी हळू म्हणाले. "तेरा वेळा काही झालं नाही. मुलं शिकत होती. खरंच शिकत होती."

त्यावर चष्मिस बोलली. "त्या मला म्हणाल्या होत्या, नीट लिहून घे बाळ, विसरू नकोस. मी म्हटलं, काळजी करू नका, आता फाईलमध्ये आलं." मग मात्र तिला रडू आवरलं नाही आणि बाईंनी तिला रडू दिलं.

डीन मॅडमनी कागद गोळा करायला घेतले. "ठीक आहे. मुलीवरचा आरोप आपण मागे घेऊ. सरांबद्दल आत बसून ठरवू. बाहेर एवढंच सांगायचं, की वर्गाच्या लॉगिनमध्ये तांत्रिक दोष..."

"थांबा." बाईंनी शेवटचा कागद पुढे सरकवला. "हा दोष सह्या करून दिलेला आहे."

डीननी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग राग आला. "यावर तुमचीही सही आहे, कळतंय ना? हा बाहेर गेला तर तुमची सव्वीस वर्षं पाण्यात जातील."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आणला."

७

मुलगा बाकावरच होता. बाईंनी त्याच्या हातात जाडजूड पाकीट दिलं. आईची फाईल, पंधरा मंगळवारांची यादी, झाकणाची छायाप्रत, परवानगीचा कागद. काय झालं ते उभ्याउभ्या सांगितलं, काही गाळलं नाही. शिकवण्यासाठी पट्टी काढली होती, हे ऐकल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं, जणू परक्या भाषेतलं असावं.

"शिकवण्यासाठी," तो म्हणाला. "माझ्या आईवर."

"हो."

त्याच्यामागे चष्मिस उभी होती, सिस्टर आली होती, जिन्यावर रेसिडेंट थांबला होता. मुलाने एकेक कागद चाळला. शेवटच्यावर त्याचं बोट थांबलं.

"ही एक सरांची. ही डीनची. ही तिसरी कोणाची?"

"माझी."

त्याने मान वर केली. तीन दिवस हीच बाई त्याला पाणी विचारत होती. "वाचून केली होती?"

बाईंना पन्नास उत्तरं सुचली. कामाचा डोंगर, चाळीस कागद, वरून आलेला आदेश. सगळी खरी होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

तो उठून उभा राहिला. उंच माणूस होता. सिस्टर पुढे झाली, बाईंनी हातानेच तिला थांबवलं. त्याने हात उचलला असता तर त्या जागच्या हलल्या नसत्या. पण त्याने फक्त तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"मग आता वाचा," तो म्हणाला. "माझ्यासमोर. मोठ्याने."

बाईंनी चष्मा लावला. येणारे-जाणारे थांबले. त्यांनी तारखेपासून सुरुवात केली आणि एकही शब्द न गाळता तिसऱ्या सहीपर्यंत, स्वतःच्या नावापर्यंत वाचत गेल्या. कागद एकाच पानाचा होता. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.